मायक्रोगलच्या मोजणीत हवेच्या दाबाची दुरुस्ती नेमकी कशी करायची

हा लेख ज्यांच्या हातात ग्रॅव्हिमीटर (गुरुत्व मोजायचं मशीन) आहे आणि ज्यांना पाच-दहा मायक्रोगलचा (गुरुत्वाचं अगदी बारीक एकक, हजार मायक्रोगल म्हणजे एक मिलिगल) फरक पकडायचाय त्यांच्यासाठी आहे, म्हणजे भूजलावर काम करणारे, धरणाच्या आसपास वारंवार मोजणी करणारे, जमिनीखालच्या पोकळ्या शोधणारे, किंवा एमएस्सीच्या प्रोजेक्टला पहिल्यांदा मशीन घेऊन बाहेर पडलेले. खनिजासाठी किंवा प्रादेशिक नकाशासाठी मिलिगलमध्ये काम करत असाल तर दाबाच्या मागे लागायची गरज नाही, तिथे उंचीची चूक त्याच्या कितीतरी पट मोठी असते.

दाबाची दुरुस्ती दिसायला एका ओळीची आहे म्हणून ती सगळ्यात शेवटी, घाईत, कुणीतरी दिलेल्या एक्सेल शीटमध्ये उरकली जाते आणि तिथेच घोळ होतो. चुका बहुतेक त्याच त्याच असतात. चुकीचा दाब घेतला, चुकीचं घड्याळ वापरलं, चिन्ह उलटं लागलं, नाहीतर दुरुस्ती दोनदा झाली.

सुरुवातीला एवढं डोक्यात पक्कं बसवा. दाब १ हेक्टापास्कलने वाढला म्हणजे तुमच्या डोक्यावर दर चौरस मीटरला साधारण १० किलो हवा जास्त आली. ही हवा वरून ओढते, त्यामुळे गुरुत्व सुमारे ०.४ मायक्रोगलने कमी होतं, पण त्याच वजनाने जमीन किंचित खाली दबते, आपण पृथ्वीच्या केंद्राच्या जरासे जवळ जातो आणि साधारण ०.१ परत मिळतं. उरतं ते उणे ०.३ मायक्रोगल प्रति हेक्टापास्कल. दाब वाढला की गुरुत्व कमी, दाब घटला की जास्त. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ही दिशा लागणार आहे.

## टप्पा १: तुमच्या कामाला कुठली दुरुस्ती लागते ते आधी ठरवा

हे ठरवल्याशिवाय बॅरोमीटरला हात लावू नका.

रिलेटिव्ह मशीन (दोन जागांच्या गुरुत्वातला फरक मोजणारं) घेऊन, समजा सिंट्रेक्सचं सीजी-५ किंवा सीजी-६ घेऊन, तुम्ही एका बेस स्टेशनपासून निघता, पाच-पंचवीस किलोमीटरच्या परिसरात लूप मारता आणि संध्याकाळी बेसवर परत येता. अशा कामात सगळ्या ठिकाणांवर हवेची भर किंवा घट जवळपास सारखीच असते, म्हणून तुम्हाला फक्त लूप चालू असताना दाब किती बदलला एवढंच लागतं. जानेवारी आणि जुलैच्या दाबातला फरक बेस आणि स्टेशन दोघांनाही सारखा लागू होतो, वजाबाकीत तो आपोआप निघून जातो.

अ‍ॅब्सोल्यूट मोजणी (त्या जागेचं पूर्ण गुरुत्व थेट मोजणारी), म्हणजे एफजी-५ किंवा ए-१० सारखं मशीन, किंवा एकाच जागी महिनोन्‌महिने चालणारं सुपरकंडक्टिंग ग्रॅव्हिमीटर असेल तर मात्र वजाबाकीला दुसरं कुणी नाही. तिथे पूर्ण दुरुस्ती हवी, त्या जागेच्या ठरावीक संदर्भ-दाबापासून आजचा दाब किती वर-खाली आहे त्यावरून.

ही पूर्ण दुरुस्ती चुकली तर किती महागात पडतं बघा. पुण्यासारख्या ठिकाणी जानेवारीतला दाब आणि जुलैतला दाब यात ८ हेक्टापास्कलचा फरक धरला तर गुरुत्वात २.४ मायक्रोगलचा फरक पडतो. एक मीटर जाडीचा पाण्याचा सपाट थर साधारण ४२ मायक्रोगल देतो, म्हणजे २.४ मायक्रोगल म्हणजे जवळपास ६ सेंटिमीटर पाणी. हे ऐकायला कमी वाटतं, पण आपला बसाल्ट पाणी फार कमी साठवतो, विशिष्ट उत्पन्न (खडकाच्या आकारमानातून निथळणाऱ्या पाण्याचा वाटा) २ टक्के धरलं तर ६ सेंटिमीटर पाणी म्हणजे विहिरीची पातळी जवळपास ३ मीटरने हलली असा अर्थ निघतो. पाणी थेंबभरही हललेलं नसताना तुम्ही रिपोर्टमध्ये ३ मीटर लिहाल. दख्खनच्या पठारावर काम करणाऱ्यांनी ही दुरुस्ती किरकोळ समजून सोडू नये असं मी कळकळीने सांगते ते याचसाठी.

## टप्पा २: बॅरोमीटर निवडा आणि तपासा

रिलेटिव्ह लूपसाठी महागडं उपकरण लागत नाही. बीएमपी-२८० सारख्या स्वस्त सेन्सरची निरपेक्ष अचूकता १ हेक्टापास्कलच्या आसपास असली तरी तो बदल मात्र ०.१२ च्या आसपास अचूकतेने दाखवतो आणि लूपला बदलच हवा असतो. अ‍ॅब्सोल्यूट कामाला हे चालत नाही. १ हेक्टापास्कलची कायमची चूक म्हणजे ०.३ मायक्रोगलची कायमची चूक, आणि पुढच्या वर्षी बॅरोमीटर बदललात तर ती चूक ‘बदल’ म्हणून दिसायला लागते. तिथे नियमित कॅलिब्रेट होणारं चांगलं उपकरण ठेवा, आणि उपकरण बदलायचं असेल तर जुनं-नवं किमान काही दिवस शेजारी शेजारी चालवून दोघांतला फरक लिहून ठेवा.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मोबाईल अ‍ॅपवरचा, विमानतळाचा किंवा हवामानाच्या बातमीतला दाब घेऊ नका. तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणलेला असतो. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे खरा दाब ९४०-९५० च्या घरात असतो आणि अ‍ॅप मात्र १००८, १०१२ असले आकडे दाखवतं. शिवाय समुद्रसपाटीला आणताना त्यात तापमान घुसवलेलं असतं, त्यामुळे ‘नुसता बदल घेतो मग काय फरक पडतो’ हेही पूर्ण खरं नाही. मोबाईलमधल्या सेन्सरचा कच्चा दाब दाखवणारी अ‍ॅप असतात, ती अडीअडचणीला चालतील, पण कच्चा आकडाच दिसतोय ना ते तपासा.

एककही बघा. मिलिबार आणि हेक्टापास्कल एकच. किलोपास्कल असेल तर १० ने गुणा. पाऱ्याचे मिलिमीटर असतील तर १ मिलिमीटर म्हणजे १.३३३ हेक्टापास्कल.

> तपासणी: बॅरोमीटर एक पूर्ण दिवस घरात लॉगवर ठेवा. आपल्याकडे दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. कोरड्या दिवसात सकाळी दहा ते दुपारी चार यात ३ ते ४ हेक्टापास्कलची घसरण दिसायला हवी. ही लय दिसत नसेल तर सेन्सर किंवा लॉगर बिघडलेला आहे, मोजणीला निघू नका.

## टप्पा ३: घड्याळं जुळवा

ग्रॅव्हिमीटर बऱ्याचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ) असतो, दाबाचा लॉगर भारतीय वेळेवर. मधला फरक साडेपाच तासांचा. आता वर सांगितलेली दाबाची लाट बारा तासांची आहे, आणि बारा तासांच्या लाटेत साडेपाच तास सरकलं म्हणजे लाट जवळजवळ उलटी झाली. मग दुरुस्ती चूक काढण्याऐवजी चुकीत भर घालते, आणि माणूस म्हणतो की दाबाची दुरुस्ती लावल्यावर डेटा आणखी खराब झाला, सबब आमच्या साइटवर ती लागू पडत नाही. हे वाक्य कुणाकडून ऐकलं तर आधी टाइमस्टॅम्प विचारा.

जुन्या लॉगवर वेळेचं नाव लिहिलेलं नसेल तर शिखर बघा. दाबाचं शिखर दहाच्या आसपास आलं तर भारतीय वेळ, साडेचारच्या आसपास आलं तर यूटीसी. वादळी किंवा मुसळधार पावसाच्या दिवसावरून हे ठरवू नका, स्वच्छ हवेचे चार-पाच दिवस घ्या.

दोन्ही उपकरणं एकाच जीपीएस वेळेवर आणा आणि सगळी फाइल यूटीसीतच ठेवा. अर्थ टाइडच्या, म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढीने गुरुत्वात होणाऱ्या चढउताराच्या, हिशेबालाही तेच लागतं.

## टप्पा ४: मैदानातलं काम

एक लॉगर बेसवर ठेवून द्या, दर मिनिटाला एक नोंद. दुसरा सोबत घेतलात तर उत्तमच, पण दुरुस्तीसाठी आकडे बेसवरचेच घ्यायचे, सोबतचा फक्त पडताळणीला. याचं कारण पुढच्या टप्प्यात कळेल.

बेसवरचा लॉगर कुठे ठेवायचा याकडे लोक लक्षच देत नाहीत. उघड्यावर वाऱ्यात ठेवला तर वारा स्वतःचा दाब त्यात घालतो, सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा समोरून आदळला तर ०.६ हेक्टापास्कलपर्यंत खोटी भर पडू शकते, म्हणजे जवळपास ०.२ मायक्रोगल. पूर्ण बंद एसी खोलीत ठेवला तर दार उघडता-मिटताना उड्या दिसतात. आडोशाला, सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी ठेवा, आणि उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको, स्वस्त सेन्सर तापमानाने सरकतात.

लॉगरची उंचीही लिहून ठेवा. खालच्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर, समजा १० मीटर वर नेला, तर दाब साधारण १.२ हेक्टापास्कलने कमी दिसतो. कायम एकाच जागी असेल तर काही बिघडत नाही, मध्येच हलवलात तर बिघडतं.

> थांबा: चक्रीवादळ किंवा खोल कमी दाबाचा पट्टा जवळ असेल तर त्या दिवशी मायक्रोगलचं काम नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तशा दिवसात काही किलोमीटरवरच दाब वेगळा असतो, मग ‘सगळ्या स्टेशनांना सारखाच’ हे गृहीतकच मोडतं. शिवाय समुद्र खवळला की जमिनीचा थरथराट कोकणात आणि घाटमाथ्यावरही मशीनच्या रीडिंगमध्ये उतरतो.

## टप्पा ५: दुरुस्तीचा आकडा काढा

सूत्र असं आहे.

दुरुस्ती = ०.३० × (मोजलेला दाब − संदर्भ दाब), उत्तर मायक्रोगलमध्ये, आणि ते मोजलेल्या गुरुत्वात मिळवायचं.

दाब जास्त असताना गुरुत्व कमी मोजलं गेलेलं असतं, म्हणून भरपाईला आपण अधिक करतो. सूत्र पाठ करू नका, हे वाक्य लक्षात ठेवा, चिन्ह कधी चुकणार नाही.

अ‍ॅब्सोल्यूट कामात संदर्भ दाब म्हणून प्रमाण वातावरणाचा आकडा वापरतात.

संदर्भ दाब = १०१३.२५ × (१ − ०.००६५ × उंची ÷ २८८.१५)^५.२५५९, उंची मीटरमध्ये.

५६० मीटरला हा येतो ९४७.८ हेक्टापास्कल. समजा त्या दिवशी बॅरोमीटरने ९४३.२ दाखवला. फरक उणे ४.६, दुरुस्ती उणे १.३८ मायक्रोगल. आपल्या उष्ण हवेत खरा सरासरी दाब या आकड्यापेक्षा थोडा वेगळा असू शकतो, त्याने घाबरायचं कारण नाही, संदर्भ सगळ्यांचा आणि दर वर्षीचा एकच असणं महत्त्वाचं आहे. स्वतःच्या मनाने ‘आमच्या गावाची सरासरी’ घेतलीत तर दुसऱ्याच्या मोजणीशी तुमची मोजणी जुळणार नाही.

रिलेटिव्ह लूपमध्ये संदर्भ म्हणजे सकाळी बेसवरच्या पहिल्या रीडिंगच्या वेळचा दाब. त्यानंतर प्रत्येक स्टेशनच्या रीडिंगच्या वेळी *बेसवरचा* दाब किती बदलला तेवढाच घ्यायचा.

यात जी चूक होते ती मला सगळ्यात धोक्याची वाटते. समजा तुम्ही पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेलात, सोबतच्या बॅरोमीटरवर दाब १४०-१५० हेक्टापास्कलने पडला. कुणीतरी हा फरक सरळ ०.३ ने गुणतं आणि ४०-४५ मायक्रोगलची दुरुस्ती लावून मोकळं होतं. हे पूर्ण चूक आहे. तो दाब हवा कमी-जास्त झाल्याने पडलेला नाही, तुम्ही वर चढलात म्हणून पडलाय. उंचीचा हिशेब फ्री-एअर आणि बूगे दुरुस्तीत होतो, तो इथे परत आणायचा नाही. दाबाची दुरुस्ती *त्याच उंचीवर* काळानुसार झालेल्या बदलाची असते. लूपमध्ये त्यासाठी बेसवरचाच बदल घ्यायचा. महाबळेश्वरला अ‍ॅब्सोल्यूट मोजणी असेल तर ते साधारण १३५० मीटरवर, तिथला संदर्भ दाब ८६१ च्या आसपास, आजचा तिथला दाब ८६१ पेक्षा किती वेगळा एवढंच बघायचं.

आणि ही चूक सहज पकडलीही जात नाही, कारण घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत गुरुत्वातला फरकच शेकडो मिलिगलचा असतो, त्यात ०.०४ मिलिगल कुणाच्या डोळ्यात भरत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या माणसाने बरोबर पद्धतीने केलं की मात्र ४५ मायक्रोगलचा ‘बदल’ उगवतो.

## टप्पा ६: क्रम पाळा

१. आधी कच्चं रीडिंग, कॅलिब्रेशन लावून.
२. मग अर्थ टाइड. ही दिवसात दोनशे-तीनशे मायक्रोगलपर्यंत जाते, ती नीट निघाल्याशिवाय दाबाचा छोटा परिणाम दिसणारच नाही.
३. मग दाब.
४. सगळ्यात शेवटी ड्रिफ्ट, म्हणजे मशीनचं रीडिंग वेळेनुसार आपोआप सरकतं ते.

ड्रिफ्ट शेवटी का? आपले लूप साधारण सकाळी नऊ-दहाला सुरू होतात आणि चार-पाचला संपतात, आणि दाबाची रोजची घसरण नेमकी त्याच वेळात होते. म्हणजे रोज, त्याच दिशेने, एक मायक्रोगलच्या आसपास गुरुत्व वाढल्यासारखं दिसतं. आधी ड्रिफ्टची रेघ ओढली तर ती हा भाग गिळून टाकते, आणि त्यानंतर तुम्ही दाबाची दुरुस्ती लावता म्हणजे एकच गोष्ट दोनदा काढता. रोज तसंच होत असल्यामुळे सरासरी घेऊनही ही चूक जात नाही.

दोनदा लागण्याची आणखी एक जागा. एफजी-५ आणि ए-१० सोबतचं सॉफ्टवेअर बॅरोमीटर जोडलेला असेल तर दाबाची दुरुस्ती स्वतःच लावतं. रिपोर्टमधला अंतिम आकडा आधीच दुरुस्त असतो. सेटिंगमध्ये कुठला गुणक (वरच्या सूत्रातला ०.३० चा आकडा) आणि कुठला संदर्भ दाब आहे ते वाचा, उंची चुकीची भरली असेल तर संदर्भ दाबही चुकतो. सीजी-५ मध्ये टाइडची दुरुस्ती चालू-बंद करता येते, ती मशीनमध्ये चालू असताना कॉम्प्युटरवर परत लावू नका.

> तपासणी: सगळं झाल्यावर उरलेलं गुरुत्व उभ्या अक्षावर आणि दाब आडव्या अक्षावर टाका. ठिपके सपाट पसरले तर ठीक. उतार उणे ०.३ च्या आसपास असेल तर दुरुस्ती लागलीच नाही. उणे ०.६ असेल तर चिन्ह उलटं लागलंय. अधिक ०.३ असेल तर दोनदा लागली आहे.

हा आलेख एका दिवसाच्या लूपवर नीट दिसत नाही, दाब पुरेसा हललेला असावा लागतो. मशीन रात्रभर बेसवर चालू ठेवून बघितलंत तर बरं.

## टप्पा ७: स्वतःच्या जागेचा गुणक काढायचा असेल तर

०.३० हा जगभर वापरला जाणारा नाममात्र आकडा आहे, खरा गुणक जागेनुसार थोडा बदलतो. मशीन एकाच जागी किमान काही आठवडे चालणार असेल तरच या भानगडीत पडा. उत्तराखंडात घुत्तूला वाडिया संस्थेचं सुपरकंडक्टिंग ग्रॅव्हिमीटर आहे, तशा ठिकाणी हे करणं योग्यच, तीन दिवसांच्या डेटावर गुणक काढणं मात्र योग्य नाही.

टी-सॉफ्ट किंवा इटर्नासारख्या प्रोग्रॅममध्ये टाइड आणि दाब *एकत्र* बसवा. वेगवेगळे बसवले तर सूर्याची बारा तासांची टाइड आणि दाबाची बारा तासांची लाट एकाच वारंवारतेवर असल्याने एकमेकांचा वाटा खातात.

पावसाळ्यातला डेटा यासाठी नको. कमी दाब आला की पाऊस येतो, पाऊस आला की मातीत पाणी वाढतं, आणि गुणकात दाबासोबत पाणीही मिसळून जातं. डिसेंबर ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात बरा.

उत्तर उणे ०.२ ते उणे ०.४ च्या बाहेर गेलं तर भूगर्भात काही नवीन सापडलं असं समजू नका, आधी मशीनचं सील तपासा. स्प्रिंगवाल्या मशीनमधला भाग हवाबंद असतो, सील गळायला लागलं की बाहेरचा दाब आतल्या वजनावर थेट परिणाम करतो आणि गुणक भलताच मोठा येतो.

## टप्पा ८: एका गुणकाने भागत नाही तेव्हा

एकच गुणक वापरून हवेचा बहुतेक परिणाम निघतो, सगळा नाही. दूरची हवा, शेकडो किलोमीटरवरची, बॅरोमीटरला कळत नाही पण गुरुत्वाला कळते. उन्हाळ्यात हवा फुगून वर सरकते, जमिनीवरचा दाब तोच राहूनही ओढ बदलते. किनाऱ्याजवळ आणखी एक गोष्ट घडते, समुद्रावर दाब १ हेक्टापास्कलने वाढला की पाणी साधारण १ सेंटिमीटर खाली जातं, म्हणून समुद्राच्या बाजूला हवेचा भार तळापर्यंत पोचतच नाही. रत्नागिरी किंवा गोव्यात कायमचं स्टेशन चालवणाऱ्याने हे विसरू नये.

यासाठी हवामानाच्या त्रिमितीय मॉडेलवरून हिशेब करणाऱ्या सेवा आहेत, जर्मनीच्या बीकेजी संस्थेची अ‍ॅटमॅक्स ही त्यातली एक. पण तिची गरज मायक्रोगलच्याही खाली जाणाऱ्यांना. पाच मायक्रोगलची चूक असलेल्या लूपला ते लावण्यात वेळ घालवू नका, तेवढा वेळ ट्रायपॉडची उंची नीट मोजण्यात घाला, कारण १ सेंटिमीटरची चूक ३ मायक्रोगल खाऊन जाते.

## डेटा जपून ठेवताना

प्रत्येक रीडिंगच्या ओळीत कच्चं गुरुत्व, यूटीसी वेळ, कच्चा दाब, बॅरोमीटरचा नंबर आणि उंची, वापरलेला संदर्भ दाब, वापरलेला गुणक आणि दुरुस्तीचा आकडा असे वेगवेगळे कॉलम ठेवा. नुसता अंतिम दुरुस्त आकडा ठेवून कच्चा दाब पुसला की पाच वर्षांनी कुणाला गुणक बदलून बघायचा असेल तर दार बंद होतं, आणि भूजलाचं काम तर पाच-दहा वर्षांच्या तुलनेवरच उभं असतं.